भोंग्याचा डेसिबल मोजला, हॉर्नचा कोण मोजणार?

डेसिबल हा शब्द आपल्या घरांत विज्ञानाच्या पुस्तकातून आला नाही. तो मशिदीच्या मिनारावरून खाली आला. 2022 च्या एप्रिल-मे महिन्यांत भोंग्यांचे राजकारण पेटले. ज्या बुजुर्गांनी आयुष्यात कधी आवाज आकड्यात मोजला नव्हता, तेही तेव्हा चहाच्या टपरीवर ‘दिवसा पंचावन्न, रात्री पंचेचाळीस’ बोलू लागले. पुढे 23 जानेवारी 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही आणि पोलिसांनी नियम मोडणाऱ्यांवर कारवाई करावी, असे त्यात सांगितले. त्यानंतर मुंबईत कित्येक मशिदींवरचे भोंगे उतरले. काही ठिकाणी अजान मोबाईलच्या अ‍ॅपवर ऐकू येऊ लागली. गावोगावच्या मशीद कमिट्यांनी आवाज कमी केला, परवानगीचे कागद फाईलला लावले.

त्याबद्दल आमची तक्रार नाही, निदान या लेखात तरी नाही. कायदा आहे तर तो पाळायचा. पण आम्ही पडलो मास्तर. नियम हातात दिला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. ज्या कागदावरून ही सगळी कारवाई होते, तो म्हणजे 2000 सालचा ध्वनिप्रदूषण नियम. त्यात लाऊडस्पीकरचे कलम पाचवे आहे. त्याला लागूनच 5-अ आहे, जानेवारी 2010 मध्ये जोडलेले. त्यात लिहिले आहे की शांतता क्षेत्रात, तसेच निवासी भागात रात्रीच्या वेळी, सार्वजनिक आणीबाणी सोडून हॉर्न वाजवायचा नाही. रात्र म्हणजे किती ते पण त्याच नियमात आहे, रात्री 10 ते सकाळी 6.

म्हणजे भोंगा आणि हॉर्न एकाच कागदावर शेजारी-शेजारी बसलेले आहेत. एकाचा हिशोब रोज होतो आणि दुसऱ्याचे नावही कोणी घेत नाही.

आता आमच्या रस्त्याकडे येऊ. डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातले गाव, जिल्हा हिंगोली. नांदेडहून निघालात की अर्धापूर लागते, मग केळीच्या बागा सुरू होतात आणि वारंगा फाट्याच्या अलीकडे आमचे गाव. वारंगा फाट्यावर दोन मोठे रस्ते मिळतात, एक अकोला-वाशिम-हिंगोलीकडून येणारा, दुसरा नागपूर-यवतमाळकडून हदगावमार्गे येणारा. दोन्हीकडची वाहने एकत्र होऊन नांदेडच्या दिशेने निघतात. केळीचे ट्रक, उसाच्या हंगामात ट्रॉल्या, एसटी, ट्रॅव्हल्स, हळद घेऊन जाणारे टेम्पो. रस्ता रुंद झाला, चांगलेच झाले. पूर्वी नांदेडच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा म्हटले की जीव मुठीत धरावा लागायचा. पण रस्ता रुंद झाला तशी गाडीही जोरात आली. आणि जोरातली गाडी गावातून जाताना ब्रेकवर पाय ठेवत नाही, हॉर्नवर हात ठेवते.

शहरातला त्रास वेगळा आहे. नांदेडला देगलूर नाक्याच्या बाजूला संध्याकाळी असर ते मगरीबच्या दरम्यान उभे राहून बघा. तिथे गाड्या हलतच नाहीत. तरी हॉर्न चालू. समोर ऑटो, त्याच्या समोर हातगाडी, त्याच्या समोर दुसरा ऑटो, कुणाला जायला जागा नाही हे सगळ्यांना दिसते आहे. तरी मागचा माणूस हॉर्न वाजवतो. जणू हॉर्नने समोरची गाडी विरघळणार आहे. रस्त्याच्या वरच्या मजल्यावर कोणी आजारी आहे, कोणी दहावीचा अभ्यास करते आहे, कोणाचे महिन्याभराचे बाळ नुकतेच झोपले आहे. ही माणसे आपलीच आहेत. मुसलमान मोहल्ले बहुतेक ठिकाणी जुन्या बाजाराला, नाक्याला, स्टँडला चिकटून असतात. गल्ल्या अरुंद, घराची खिडकी थेट रस्त्यावर. त्यामुळे हॉर्नचा सगळ्यात जास्त मार कोण खाते, हे वेगळे सांगायला नको.

मार म्हणजे किती, ते आकड्यात बघू. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आता सगळ्यांना पाठ आहे. शांतता क्षेत्रात ती 50 आणि 40. आणि कारचा कंपनीने बसवलेला, कायदेशीर हॉर्न काही मीटरवरून मोजला तर 93 ते 112 डेसिबलच्या दरम्यान असतो. डेसिबलचे गणित किराणा दुकानासारखे नसते. दहा वाढले की आवाजाची ताकद दहा पट होते, वीस वाढले की शंभर पट. 55 वरून 95 वर गेलो म्हणजे दुप्पटही नाही असे वाटते, पण ताकद दहा हजार पट झालेली असते. हे झाले साध्या हॉर्नचे. ट्रक आणि ट्रॅव्हल्सवर जे प्रेशर हॉर्न बसवतात, आणि पोरे बाईकवर जे गाण्याच्या सुरातले हॉर्न लावतात, त्यांना तर कायद्यात जागाच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 119 व्या नियमाने वेगवेगळ्या सुरांचे आणि कर्कश हॉर्न बसवायलाच मनाई केली आहे. तरी ते दुकानात उघड्यावर टांगलेले मिळतात.

वर्गात याचा काय परिणाम होतो, हे सांगणे आमचे काम आहे म्हणून थोडे थांबून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्येच सांगून ठेवले आहे की शिकवणे चालू असताना वर्गातला आवाज 35 डेसिबलच्या वर नसावा. रस्त्याकडच्या खिडकीच्या वर्गात हे शक्यच नाही. उन्हाळ्यात खिडकी बंद करता येत नाही, पंखा असेल तर वीज नसते. मग काय होते? मास्तर वाक्य अर्ध्यावर थांबवतो, ट्रक जाऊ देतो, परत सुरू करतो. किंवा थांबत नाही, ओरडून बोलतो. दोन्ही वाईटच. तिसरी-चौथीच्या लेकरांना ‘ण’ आणि ‘न’ यातला फरक कानानेच शिकायचा असतो. आमच्या लेकरांना त्यात घरी उर्दू-दखनी आणि शाळेत मराठी. ‘च’ चे दोन उच्चार, ‘ज’ चे दोन उच्चार, हे पुस्तकात दिसत नाही, ऐकावे लागते. शब्दाचा शेवट हॉर्नमध्ये बुडाला की लेकरू अंदाजाने लिहिते. आपण म्हणतो, लक्ष नाही याचे.

हे आमचे नुसते वाटणे नाही. 1975 साली न्यूयॉर्कमध्ये अर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक शाळा तपासली. शाळेच्या एका बाजूने उंचावरची रेल्वे धडधडत जायची, दुसरी बाजू शांत होती. शाळा एकच, वस्ती एकच. पण रेल्वेच्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात मागे होती, सहावीपर्यंत जवळपास एका वर्षाने मागे. मग रेल्वेने रुळांखाली रबर बसवले आणि वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आवरण लावले. काही वर्षांनी पुन्हा तपासले, 1981 मध्ये निष्कर्ष छापला गेला. दोन्ही बाजूंची मुले सारखी वाचत होती. आपल्या समाजाच्या शिक्षणावर जेवढ्या परिषदा भरतात, त्यात शिष्यवृत्ती, मदरसा, माध्यम यावर बोलणे होते. रस्त्याच्या आवाजावर कोणी बोललेले आम्हाला आठवत नाही.

मग कायदा हॉर्नकडे का बघत नाही? सोपे उत्तर आपल्या तोंडावर तयार असते, भेदभाव. थोडा आहेही, नाही कशाला म्हणा. पण सगळे त्यावर ढकलून मोकळे होता येणार नाही. भोंगा एका जागी बसलेला असतो. त्याला पत्ता आहे, ट्रस्ट आहे, अध्यक्ष आहे, नोटीस लावायला भिंत आहे. हॉर्न वाजवणारा साठच्या वेगाने निघून गेलेला असतो. त्याच्या मागे मीटर घेऊन कोण धावणार? शिवाय भोंग्याविरुद्ध तक्रार करणारा आणि भोंगा लावणारा, हे दोन वेगळे गट असतात. हॉर्नचे तसे नाही. तक्रार करणाराच गाडीवर बसला की हॉर्न वाजवतो. म्हणून त्याची मागणी घेऊन मोर्चा निघत नाही.

मुंबई पोलिसांनी या कोड्यावर एक मजेदार उपाय करून बघितला होता. 31 जानेवारी 2020 ला त्यांनी एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. सिग्नलच्या खांबांना डेसिबल मीटर जोडले. लाल दिवा लागला असताना हॉर्नचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की सेकंदांची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न वाजवाल तितके थांबाल. सीएसएमटी, मरीन ड्राईव्ह, पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे अशा ठिकाणी हा प्रयोग झाला. जगभर त्याचे कौतुक झाले. पण त्यात गप्प बसलेल्या माणसालाही वाजवणाऱ्याची शिक्षा भोगावी लागते, अ‍ॅम्ब्युलन्स मागे असेल तर काय, हे प्रश्न होतेच. दीड-दोन महिन्यांत लॉकडाऊन आले आणि रस्तेच शांत झाले. व्हिडिओ मात्र अजून फिरतो. पुढे 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी ‘नो हॉंकिंग डे’ ही पाळले. एका दिवसाने सवय सुटत नाही, पण दंडाची पावती मिळाली की माणूस घरी जाऊन सांगतो, एवढा उपयोग.

त्याआधी 2015 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली होती. कारण दिले की त्यामुळे मागच्याला हॉर्न वाजवायचे उत्तेजन मिळते. दहा वर्षे होऊन गेली, आमच्या रस्त्यावर ते शब्द अजून दिसतात, रंगही ताजा असतो. आणि एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी परत सांगितले की हॉर्नमध्ये बासरी, तबला, पेटी अशा भारतीय वाद्यांचे आवाज ठेवण्याचा कायदा करण्याचा विचार आहे. विचार चांगला असेल. पण देगलूर नाक्यावर एका वेळी दोनशे बासऱ्या वाजल्या तर तिला बासरी म्हणायचे का, हा प्रश्न राहतोच.

या सगळ्यात एक नाव आपल्या घरांत माहीत असायला पाहिजे, आणि बहुतेक घरांत नाही. सुमैरा अब्दुलअली. मुंबईच्या या बाईंनी 2003 मध्ये शांतता क्षेत्रांच्या अंमलबजावणीसाठी उच्च न्यायालयात याचिका केली, पुढे ‘आवाज फाउंडेशन’ काढले. हातात मीटर घेऊन वर्षानुवर्षे त्यांनी गणपतीची मिरवणूक मोजली, दिवाळीचे फटाके मोजले, ईद-ए-मिलादचा जुलूस मोजला, राजकीय सभा मोजल्या आणि हॉर्नही मोजले. कोणाचा आवाज आहे हे न बघता किती आहे हे बघितले. न्यायालयाचेही म्हणणे याहून वेगळे नाही. सप्टेंबर 2024 मध्ये ईदच्या जुलूसातील डीजेचा विषय मुंबई उच्च न्यायालयात आला. गणेशोत्सवात जो आवाज घातक आहे तो ईदलाही घातकच आहे, असे न्यायालय म्हणाले. आम्हाला हे पटते. तोच न्याय पुढे नेला तर जो आवाज मिनारावरून घातक आहे तो बंपरवरूनही घातकच ठरतो.

पण ही मागणी करायची तर आधी आपला हात बघावा लागेल. आमच्या चौथीच्या लेकरांना आम्ही एक काम दिले होते. एका तासात जितके हॉर्न ऐकू येतील तितक्या रेघा फळ्याच्या कोपऱ्यात मारायच्या, पाच-पाचच्या जुड्या करून. गणिताचाच तास होता, सामग्रीचे वर्गीकरण. कोपरा भरला, मग अर्धा फळा भरला. नंतर आम्ही विचारले, यातले महामार्गावरचे किती आणि गेटासमोरचे किती? लेकरांचे कान तयार असतात, आवाजावरून गाडी ओळखतात. गेटासमोरचे बरेच निघाले. लेकरांना घ्यायला आलेले ऑटो, बाईकवर आलेले अब्बा आणि चाचा. एक लेकरू बोट दाखवून म्हणाले, “सर, ये पाँच तो मेरे अब्बा के हैं.” सगळा वर्ग हसला. त्याचे अब्बा ऑटो चालवतात.

त्यांना आम्ही गेटावर गाठले. रागावून नाही, असेच. म्हणालो, भाई, लेकरू बाहेर येतच असते, पाच वेळा हॉर्न कशाला? ते म्हणाले, “सर, आदत हो गई. और हॉरन नहीं मारे तो रोड पे कोई हटताच नहीं.” दुसरे वाक्य खरे आहे आणि ते नाकारून चालणार नाही. गावात फुटपाथ नाही. रस्त्याच्या कडेला भाजी, मोटारसायकली, म्हशी. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने झाकलेला. बाईकचे आरसे पोरांनी काढून टाकलेले, मागून कोण येते ते त्यांना हॉर्ननेच कळणार. ज्या देशात आरशाचे, दिव्याचे आणि फुटपाथचे काम हॉर्नने करावे लागते, तिथे चालकाला एकट्याला शिव्या देणे बरोबर नाही.

तरी बदल होत नाही असेही नाही. काठमांडूचे रस्ते आपल्यापेक्षा अरुंद आहेत. तिथे 14 एप्रिल 2017 पासून, त्यांच्या नव्या वर्षाच्या दिवशी, विनाकारण हॉर्नवर बंदी आली. वाहतूक पोलिसांनी ती मनावर घेतली आणि शहराचा आवाज खरोखर खाली आला. आपल्याच देशात मिझोरामची राजधानी ऐजॉल आहे. डोंगरावरचे शहर, वळणावळणाचे रस्ते, गाड्यांची लांब रांग, पण हॉर्न क्वचित. तिथे कोणी मीटर लावलेले नाहीत. रांग मोडून हॉर्न वाजवणे तिथे बेअदबी समजतात. अदब हा शब्द खरे तर आपला. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला ज्या नसीहती करतो त्यात आवाज खाली ठेवण्याची एक आहे, आणि रस्त्याचा हक अदा करण्याविषयीची हदीस जुम्म्याच्या बयानात आपण कितीदा ऐकलेली आहे. ती ऐकून बाहेर आलो की मशिदीच्या दारात आपल्याच बाईकी एकमेकींवर हॉर्न वाजवत असतात. रमजानमध्ये तरावीह सुटल्यावर तर रात्रीचे दहा कधीच वाजून गेलेले असतात, म्हणजे नियम 5-अ ची वेळ. पलीकडच्या गल्लीतल्या हिंदू शेजाऱ्याने अजानबद्दल कधी तक्रार केली नाही, पण त्या हॉर्नने त्याची झोप मोडते. हे त्याने आम्हाला स्वतः सांगितले, हसत सांगितले, पण सांगितले.

आता करायचे काय. दंड कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने कलम 194-एफ आले. गरज नसताना, सतत किंवा मनाई असलेल्या जागी हॉर्न वाजवला तर पहिल्यांदा 1,000 रुपये, पुन्हा सापडला तर 2,000. सर्वोच्च न्यायालयानेही 18 जुलै 2005 च्या निकालात रात्री निवासी भागात हॉर्न नको असे सांगितलेले आहे. अडचण शाळा-दवाखान्यांची आहे. पूर्वी शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर आपोआप शांतता क्षेत्र मानले जायचे. ऑगस्ट 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय ते शांतता क्षेत्र धरले जात नाही. म्हणून ‘शाळा आहे, हॉर्न वाजवू नका’ ही आता नुसती विनंती आहे. तिला हुकूम बनवायचे तर कोणीतरी अर्ज करायला हवा.

तो अर्ज आम्ही लिहिला आहे. शाळा आणि दवाखान्याच्या परिसराला शांतता क्षेत्र जाहीर करावे, हॉर्न मनाईचे अधिकृत चिन्ह रस्त्यावर लावावे, हंगामात ट्रॉल्यांचे दिवे आणि रिफ्लेक्टर तपासावेत, प्रेशर हॉर्न जागेवर उतरवावेत. ग्रामसभेत ठराव मागायचा आणि ठरावाची प्रत जोडून तहसीलदार व पोलिसांना द्यायची. सह्यांसाठी आम्ही आधी मशिदीत गेलो, मग मंदिराच्या पारावर. पारावर पहिली सही केली ती एका माळकरी आजोबांनी. म्हणाले, “मास्तर, काकड्याच्या वेळी त्या ट्रॅव्हल्सच्या हॉर्नात टाळ ऐकू येत नाही हो.” मशिदीत एका साहेबांनी सही करण्याआधी विचारले, यातून उलट आपल्याच भोंग्याचा विषय निघणार नाही ना? आम्ही म्हणालो, निघाला तर निघू द्या, आपला आवाज नियमात आहे. त्यांनी थोडा वेळ कागद हातात धरला आणि मग सही केली.

ऑटोवाल्या अब्बांचीही सही आहे, उर्दूत. हल्ली ते गेटापासून थोडे पुढे, लिंबाखाली ऑटो लावतात. लेकरू धावत जाते, आणि तोपर्यंत बाकीच्या लेकरांना बोलवायचे काम त्याच्याकडेच दिले आहे. ते ओरडून बोलवते, तेही कमी नाही. पण वर्गात बसून ते ओरडणे ऐकू येत नाही.